अंकीय बिनतारी संदेशवहनातील संकेत-संस्करण

माहिती अंकांच्या रूपात मांडून ती रेडिओ तरंगांद्वारे पाठविताना तरंगांना वाटेत येणारी विकृती भरून काढण्यासाठी, तसेच उपलब्ध कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांचा) अधिकात अधिक उपयोग करून घेण्यासाठी प्रेषकात व ग्राहीत संकेतांवर ज्या गणिती क्रिया केल्या जातात, त्यांना संकेत-संस्करण म्हणतात. येथे ‘संकेत’ म्हणजे काळानुसार बदलणारी विद्युत् राशी आणि ‘संदेश’ म्हणजे त्या राशीत गुंफलेली माहिती, असा भेद केला आहे. भ्रमणध्वनी (मोबाइल फोन), संगणकांची बिनतारी जाळी, अंकीय नभोवाणी व दूरचित्रवाणी, उपग्रह संदेशवहन या सर्वांत अशा क्रिया वापरल्या जातात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे भ्रमणध्वनीच्या अनुषंगाने त्यांचे विवेचन केले आहे. कारण तेथे तरंगांचा मार्ग अतिशय अवघड असतो आणि उपकरणास मिळणारी विद्युत् शक्ती लहानशा विद्युत् घटमालेपुरती मर्यादित असते.

जुन्या रेडिओ तंत्रात संदेश अधिक चांगला पोहोचविण्याचे प्रमुख उपाय दोन होते : प्रेषकाची शक्ती वाढविणे किंवा अधिक रुंद कंप्रता-पट्टा वापरणे. पहिल्यास उपकरणाच्या आकारमानाची व घटमालेची मर्यादा पडते, तर दुसऱ्यास निसर्गाची. कारण संदेशवहनास सोयीच्या कंप्रता मोजक्याच असून त्या सर्वांना वाटून घ्याव्या लागतात. संकलित मंडले स्वस्त व वेगवान झाल्यावर शक्ती व कंप्रता यांची उणीव गणनाने भरून काढण्याचा तिसरा मार्ग खुला झाला. या तंत्राच्या वाढीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे इमारती व डोंगर यांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींकडे पाहण्याची बदललेली दृष्टी होय. प्रथम हे प्रतिध्वनी काढून टाकावयाचा दोष मानले जात; पुढे ते निरुपद्रवी करण्याच्या रीती निघाल्या आणि अखेरीस तेच अधिक माहिती वाहून नेण्याचे साधन बनले.

मार्गाचे स्वरूप : शहरात मनोऱ्यावरील आकाशकापासून निघालेला तरंग हातातील उपकरणापर्यंत सरळ रेषेत क्वचितच पोहोचतो. भिंती, वाहने, झाडे व जमीन यांवरून परावर्तित झालेल्या, तसेच कडांवरून वळलेल्या अनेक तरंगांची बेरीज ग्राहीस मिळते. यास बहुमार्गी प्रसारण म्हणतात. त्याचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम अवकाशातील होय. निरनिराळ्या वाटांनी आलेले तरंग एकाच कलेत असल्यास परस्परांना बळ देतात व विरुद्ध कलेत असल्यास एकमेकांना खोडून काढतात. ९०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सु. ३३ सेंमी. असते, त्यामुळे ग्राही अर्धी तरंगलांबी, म्हणजे सु. १७ सेंमी. सरकला, तरी संकेताची शक्ती शंभरपट किंवा हजारपट कमी होऊ शकते. या चढउतारास क्षीणन म्हणतात. दुसरा परिणाम काळातील होय. रेडिओ तरंग एका मायक्रोसेकंदात (सेकंदाच्या दशलक्षांशात) ३०० मी. जातो, म्हणून ३ किमी. अधिक लांबीच्या वाटेने आलेला प्रतिध्वनी १० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. दोन अंकांमधील कालांतर यापेक्षा कमी असेल, तर मागील अंकाची सावली पुढील अंकांवर पडते.

ग्राही गतिमान असेल, तर डॉप्लर परिणामामुळे कंप्रताही ढळते. ताशी १०० किमी. वेगाने जाणाऱ्या वाहनात ९०० मेगॅहर्ट्‌झ तरंगाचे हे विचलन सु. ८३ हर्ट्‌झपर्यंत असते. विचलन लहान असले, तरी त्यामुळे मार्गाचे गुणधर्म सेकंदाच्या अल्पांशात बदलतात आणि ग्राहीला त्यांचे मापन पुनःपुन्हा करावे लागते. यांखेरीज ग्राहीतील इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे होणारा गोंगाट आणि त्याच कंप्रतेवर बोलणाऱ्या इतरांचा व्यत्यय हेही असतातच. उष्णताजन्य गोंगाटाचे मापन जे. बी. जॉन्सन यांनी व त्याची उपपत्ती हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केली.

सैद्धांतिक मर्यादा : क्लॉड एल्‌वुड शॅनन (१९१६–२००१) या अमेरिकन गणितज्ञांनी १९४८ मध्ये मांडलेला अवगम सिद्धांत हा या विषयाचा पाया आहे. एखाद्या मार्गाने दर सेकंदास किती द्विमान अंक (० किंवा १; यांस बिट म्हणतात) जवळजवळ निर्दोषपणे नेता येतील, याची कमाल मर्यादा पुढील सूत्राने मिळते :

धारिता = पट्टरुंदी × लॉग (१ + संकेताची शक्ती ÷ गोंगाटाची शक्ती)

येथे लॉगरिथमाचा पाया २ घ्यावयाचा असतो. उदा., ३,००० हर्ट्‌झ पट्टरुंदीच्या मार्गात संकेताची शक्ती गोंगाटाच्या हजारपट असेल, तर धारिता दर सेकंदास सु. ३०,००० बिट येते. शक्ती दुप्पट केल्यास ती केवळ सु. ३३,००० बिट होते. म्हणजे दुप्पट खर्चात एक-दशांश लाभ होतो. शक्ती वाढविण्याचा उपाय किती तोकडा आहे, हे यावरून दिसते. शॅनन यांचा खरा धक्का देणारा निष्कर्ष मात्र वेगळाच होता. धारितेपेक्षा कमी वेगाने पाठविल्यास गोंगाट असूनही चुकांचे प्रमाण हवे तितके कमी करता येते, त्यासाठी वेग शून्याकडे न्यावा लागत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. हे साधणारी पद्धत अस्तित्वात आहे एवढेच त्यांनी दाखविले. ती कशी रचावी, हे सांगितले नाही. त्यानंतरचे निम्मे शतक या शोधात गेले.

वाणीचे संक्षेपण : अखंड बदलणारा संकेत अंकांत मांडण्यासाठी त्याचे ठराविक अंतराने मापन करतात. संकेतातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा मापन केल्यास मूळ संकेत पुन्हा तंतोतंत उभा करता येतो. दूरध्वनीत वाणीचे दर सेकंदास ८,००० वेळा मापन करून प्रत्येक मापनास ८ बिट देतात. म्हणजे दर सेकंदास ६४,००० बिट लागतात. बिनतारी मार्गावर ही उधळपट्टी परवडत नाही. वाणीची लगतची मापने एकमेकांशी निगडित असतात. मुख व कंठ यांच्या पोकळ्यांचा आकार सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फारसा बदलत नाही. म्हणून मागील मापनांवरून पुढील मापनाचा अंदाज बांधून फक्त अंदाजाचे नियम व राहिलेली चूक पाठविणे पुरते. या ‘रेषीय पूर्वानुमान’ पद्धतीच्या विकासात जपानमधील फुमितादा इताकुरा व शूझो साइतो आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ बिष्णू अटल यांचा मोठा वाटा आहे. यूरोपात आखलेल्या व १९९१ मध्ये फिनलंडमध्ये प्रथम व्यापारी तत्त्वावर सुरू झालेल्या ‘जीएसएम’ या भ्रमणध्वनी पद्धतीत २० मिलिसेकंदांची वाणी सुरुवातीस २६० बिटांत, म्हणजे दर सेकंदास १३,००० बिट या वेगाने मांडण्यात आली. भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले, तेही याच पद्धतीच्या जाळ्यावर.

दोषसुधारक कूटे : संदेशातील पुनरुक्ती अशी काढून टाकल्यावर राहिलेल्या प्रत्येक अंकाचे मोल वाढते व त्याचे रक्षण करणे भाग पडते. त्यासाठी हिशेबाने निवडलेले जादा अंक संदेशास जोडतात. या मांडणीस कूट म्हणतात. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कूटात संदेशाच्या चार अंकांना तीन पडताळा-अंक जोडलेले असतात. तीन पडताळ्यांचे एकूण आठ निकाल संभवतात : सातही अंक बरोबर असल्याचा एक आणि सातांपैकी नेमका कोणता अंक चुकला हे दर्शविणारे सात. त्यामुळे एक चूक आपोआप दुरुस्त होते. एकाहून अधिक चुका दुरुस्त करणारे कूटकुल फ्रान्समध्ये अलेक्सिस ऑकँगेम यांनी १९५९ मध्ये आणि राजचंद्र बोस (१९०१–८७) व द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी या भारतीय गणितज्ञांनी १९६० मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढले. पीटर इलायस यांनी १९५५ मध्ये सुचविलेल्या संवलित कूटांत पाठविला जाणारा प्रत्येक अंक संदेशातील आधीच्या अनेक अंकांवर अवलंबून असतो. त्यामुळे एका अंकाची माहिती अनेक अंकांत पसरते.

जीएसएम पद्धतीत २६० बिटांतील सर्वच बिट सारख्या महत्त्वाचे मानलेले नाहीत. चुकल्यास शब्दच न कळण्याजोगे ५० बिट पडताळा-अंक व संवलित कूट या दोहोंनी, त्यांखालोखाल महत्त्वाचे १३२ बिट केवळ संवलित कूटाने संरक्षिलेले असतात. उरलेले ७८ बिट उघडेच पाठवितात, कारण त्यांतील चुकीमुळे आवाजात किंचित खरखर येण्यापलीकडे काही घडत नाही. अशा रीतीने २६० चे ४५६ बिट होतात. हे ४५६ बिट क्रमाने न पाठविता ५७–५७ च्या आठ गटांत विखरून वेगवेगळ्या वेळी पाठवितात. क्षीणनामुळे एखादा गट संपूर्ण बुडाला, तरी मूळ क्रम लावल्यावर त्यातील चुका दूरदूर विखुरलेल्या असतात व कूटास त्या दुरुस्त करता येतात.

क्लोद बेरू, अलँ ग्लाव्ह्यू व पुण्य थितिमाज्शिमा यांनी १९९३ मध्ये जिनीव्हा येथील परिषदेत ‘टर्बो’ कूटे मांडली. त्यांत एकच संदेश मूळ व फेरफार केलेल्या अशा दोन क्रमांनी कूटबद्ध करतात. ग्राहीत दोन उलगडकांपैकी प्रत्येक जण ‘हा अंक १ असण्याची संभाव्यता इतकी’ असे आपले मत दुसऱ्यास कळवितो. असे अनेक फेरे झाल्यावर दोघांचे एकमत होते. या रीतीने शॅनन मर्यादेस लागणाऱ्या शक्तीपेक्षा केवळ सु. १७ टक्के अधिक शक्तीत दर लक्ष अंकांमागे सु. एक चूक इतकी अचूकता गाठता आली. या यशानंतर रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या सुमारास मांडलेल्या, परंतु तेव्हाच्या गणकयंत्रांना न पेलणाऱ्या विरल-पडताळा कूटांकडे पुन्हा लक्ष गेले. तुर्कस्तानातील एर्दाल आरिकान यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली ध्रुवीय कूटे शॅनन मर्यादा गाठतात, हे गणिताने सिद्ध झाले आहे. पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनीत माहितीसाठी विरल-पडताळा व नियंत्रण-संदेशांसाठी ध्रुवीय कूटे वापरतात.

समकरण : कूटामुळे विखुरलेल्या चुका सुधारतात, पण प्रतिध्वनींमुळे प्रत्येक अंकच पुसट होत असेल, तर त्यावर आधी उपाय करावा लागतो. प्रतिध्वनींनी मिसळलेले अंक पुन्हा सुटे करणाऱ्या योजनेस समकारक म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट लकी यांनी १९६५ मध्ये दूरध्वनी तारांसाठी स्वयंचलित समकारक मांडला. त्यात उशीर केलेल्या संकेताच्या अनेक प्रतींना योग्य गुणकांनी गुणून बेरीज करतात. गुणक ठरविण्यासाठी प्रथम ग्राहीस आधीच माहीत असलेले अंक पाठवितात. बर्नार्ड विड्रो व मार्शन हॉफ यांच्या १९६० सालच्या रीतीने हे गुणक आढळलेल्या चुकीच्या प्रमाणात थोडेथोडे बदलता येतात. त्यामुळे मार्ग बदलत गेला, तरी समकारक त्याच्या मागोमाग जुळवून घेतो.

साध्या समकारकाचा दोष असा की, क्षीण झालेल्या कंप्रता उचलताना तेथील गोंगाटही उचलला जातो. यावर वेगळा उपाय अँड्र्यू व्हिटर्बी यांच्या १९६७ सालच्या रीतीतून निघाला. ही रीती मुळात संवलित कूटांसाठी होती. डेव्हिड फॉर्नी यांनी १९७२ मध्ये ती प्रतिध्वनींनाही लागू पडते, असे दाखविले. यात संकेत दुरुस्त करण्याऐवजी ‘कोणती अंकमाला पाठविली असता या मार्गातून असाच संकेत आला असता?’ असा प्रश्न विचारतात. जीएसएममध्ये एका वेळच्या १४८ बिटांच्या तुकडीत मध्यभागी २६ परिचित बिट असतात. त्यांच्याशी आलेल्या संकेताचा सहसंबंध काढून ग्राही त्या क्षणीचा मार्ग मोजतो व त्यावरून दोन्ही बाजूंच्या ५७–५७ बिटांचा निर्णय करतो. ५७ बिटांच्या सर्व शक्य मालांची संख्या एकावर सतरा शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येहून मोठी आहे. त्या एकेक तपासणे अशक्य होय. परंतु प्रतिध्वनी चार अंकांपुरते टिकत असतील, तर भूतकाळाच्या फक्त १६ अवस्था लक्षात ठेवाव्या लागतात. प्रत्येक अवस्थेत येणाऱ्या दोन वाटांपैकी कमी जुळणारी तेथेच सोडून देता येते. कारण पुढे काहीही आले, तरी ती जिंकू शकत नाही. अशा प्रकारे प्रत्येक टप्प्यावर ३२ वाटा तपासून अचूक उत्तर मिळते. या पद्धतीत एका बिटाचा काळ सु. ३·६९ मायक्रोसेकंद असल्याने सु. १६ मायक्रोसेकंदांपर्यंतचे, म्हणजे जवळजवळ ५ किमी. अधिक चालून आलेले प्रतिध्वनी हाताळता येतात.

विस्तारित वर्णपट : संदेशाच्या गरजेपेक्षा कित्येक पट रुंद पट्ट्यावर संकेत पसरविण्याची कल्पना प्रथम लष्करी गुप्ततेसाठी पुढे आली. हेडी लॅमार ही चित्रपट-अभिनेत्री व जॉर्ज अँथाइल हे संगीतकार यांना कंप्रता सतत बदलत ठेवण्याच्या योजनेचे अमेरिकन एकस्व (पेटंट) १९४२ मध्ये मिळाले. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अंकास एका जलद, यादृच्छिक भासणाऱ्या अंकमालेने गुणतात. अमेरिकेत १९९३ मध्ये मानक ठरलेल्या ‘सीडीएमए’ पद्धतीत दर सेकंदास १२,२८,८०० तुकड्यांची माला वापरली होती. दर सेकंदास ९,६०० बिटांच्या संदेशातील प्रत्येक बिट अशा १२८ तुकड्यांत पसरे. ग्राहीने तीच माला त्याच वेळी जुळवून गुणाकार केला, तर १२८ तुकडे एकमुखाने उत्तर देतात. इतरांच्या माला मात्र परस्परांत बहुतांशी खोडल्या जातात. त्यामुळे अनेक जण एकाच वेळी एकाच कंप्रतेवर बोलू शकतात.

प्रतिध्वनींच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व मोठे आहे. येथे एका तुकड्याचा काळ सु. ०·८ मायक्रोसेकंद असल्याने सु. २५० मी. किंवा अधिक अंतराने मागे पडलेला प्रतिध्वनी ग्राहीस वेगळा ओळखता येतो. रॉबर्ट प्राइस व पॉल ग्रीन यांनी १९५८ मध्ये वर्णिलेला ‘दाताळे ग्राही’ एकेका दाताने एकेक प्रतिध्वनी पकडतो, प्रत्येकास योग्य उशीर देऊन जुळवितो आणि त्याच्या बळाच्या प्रमाणात महत्त्व देऊन सर्वांची बेरीज करतो. सर्व वाटा एकाच क्षणी क्षीण होण्याचा संभव कमी असल्याने प्रतिध्वनींमुळे ग्रहण बिघडण्याऐवजी सुधारते. या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे मनोऱ्याजवळच्या उपकरणाचा प्रबळ संकेत दूरच्यांचे संकेत झाकून टाकतो. म्हणून प्रत्येक उपकरणाची शक्ती दर सेकंदास ८०० वेळा कमीजास्त करावी लागे.

लंबकोनी वाहक : वेग वाढविला की वरील दोन्ही मार्ग अपुरे पडू लागतात. २० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात अंक एकामागून एक पाठविल्यास एका चिन्हास सु. ०·०५ मायक्रोसेकंद काळ मिळतो आणि ५ मायक्रोसेकंदांचा प्रतिध्वनी शंभर चिन्हांवर पसरतो. व्हिटर्बी रीतीत प्रतिध्वनींची लांबी एका द्विमान अंकाने वाढली की अवस्था दुप्पट होतात. शंभर चिन्हांसाठी हे गणन कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. यावरील उपाय म्हणजे एका वेगवान प्रवाहाचे अनेक संथ प्रवाह करून ते शेजारशेजारच्या वाहक तरंगांवर समांतर पाठविणे. वाहकांच्या कंप्रतांमधील अंतर चिन्हाच्या काळाच्या व्यस्ताएवढे ठेवल्यास त्यांचे वर्णपट एकमेकांवर पसरूनही मापनाच्या वेळी परस्परांचा परिणाम नेमका शून्य होतो. या गुणधर्मास लंबकोनित्व म्हणतात.

रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये ही कल्पना मांडली. परंतु शेकडो वाहकांसाठी शेकडो आंदोलक व छानक (ठराविक कंप्रताच पुढे जाऊ देणारी मंडले) बांधणे व्यवहार्य नव्हते. स्टीव्हन वाइन्स्टाइन व पॉल एबर्ट यांनी १९७१ मध्ये असे दाखविले की, हे सर्व काम फूर्ये रूपांतर या एकाच गणिती क्रियेने होते. जेम्स कूली व जॉन ट्यूकी यांची १९६५ सालची शीघ्र फूर्ये रूपांतराची रीती हाताशी होतीच. २,०४८ बिंदूंचे रूपांतर सरळ केल्यास सु. ४२ लक्ष गुणाकार लागतात. शीघ्र रीतीने ते सु. ११ हजारांत उरकते. तिसरा घटक अब्राहम पेलेड व आंतोनियो रुईझ यांनी १९८० मध्ये पुरविला : प्रत्येक चिन्हाचा शेवटचा भाग त्याच्याच आरंभी पुन्हा जोडावा. हा भाग प्रतिध्वनींच्या कमाल विलंबापेक्षा मोठा असेल, तर मागील चिन्हाची सावली याच भागावर पडते व ग्राही तो टाकून देतो.

स्टॉकहोम व ऑस्लो येथे डिसेंबर २००९ मध्ये व्यापारी सेवेत आलेल्या चौथ्या पिढीच्या ‘एलटीई’ पद्धतीत वाहकांमधील अंतर १५ किलोहर्ट्‌झ, चिन्हाचा काळ ६६·७ मायक्रोसेकंद व जोडभागाचा काळ सु. ४·७ मायक्रोसेकंद असतो. म्हणजे सु. १·४ किमी.पर्यंत अधिक चाललेले प्रतिध्वनी निरुपद्रवी ठरतात व त्यासाठी सु. ७ टक्के काळ खर्ची पडतो. २० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात असे १,२०० वाहक बसतात. प्रत्येक वाहकावर मार्गाचा परिणाम केवळ परमप्रसर व कला यांच्या एका बदलाएवढा होतो. तो एका भागाकाराने दुरुस्त होतो. मार्ग चांगला असलेल्या वाहकांवर परमप्रसर व कला यांची २५६ संयुगे वापरून एका चिन्हात ८ बिट, तर वाईट मार्गावर चारच संयुगे वापरून २ बिट पाठवितात. या पद्धतीचा दोष असा की, अनेक वाहक एका कलेत आल्यास संकेताचे शिखर सरासरीच्या कितीतरी वर जाते व वर्धकास शक्तीची मोठी राखीव मर्यादा ठेवावी लागते. त्यामुळे एलटीईमध्ये हातातील उपकरणाकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संकेतांसाठी शिखरे कमी करणारा निराळा प्रकार योजला आहे.

अनेक आकाशक : शॅनन यांच्या सूत्रात पट्टरुंदी व शक्ती एवढ्याच राशी दिसतात. प्रेषकास व ग्राहीस एकापेक्षा अधिक आकाशक दिल्यास मात्र एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर अनेक स्वतंत्र प्रवाह पाठविता येतात. प्रेषकाच्या दोन आकाशकांतून ‘क’ व ‘ख’ हे दोन वेगळे अंक एकदम निघाले आणि ग्राहीच्या पहिल्या आकाशकास ३क + ख व दुसऱ्यास क + २ख अशी मिश्रणे मिळाली, असे समजू. मार्गाचे गुणक परिचित अंकांवरून मोजलेले असल्यास ही दोन एकसामयिक समीकरणे सोडवून क व ख वेगळे काढता येतात. यासाठी दोन्ही समीकरणे खरोखर भिन्न असावी लागतात. मोकळ्या मैदानात, जवळजवळ बसविलेल्या आकाशकांना दुरून येणारा एकच सरळ तरंग मिळाला, तर दुसरे समीकरण पहिल्याचीच प्रत ठरते व प्रश्न सुटत नाही. प्रतिध्वनींनी भरलेल्या शहरात किंवा खोलीत मात्र प्रत्येक आकाशकापर्यंतच्या वाटा निराळ्या असतात. त्यामुळेच समीकरणे भिन्न होतात. ज्या बहुमार्गी प्रसारणास आधी अडथळा मानले जाई, त्याच्यामुळेच हे तंत्र शक्य होते.

या कल्पनेच्या उगमाशी दोन भारतीय अभियंत्यांची नावे निगडित आहेत. टॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुणे येथे झाला व तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. आरोग्यस्वामी पॉलराज यांनी भारतीय नौदलात सोनार यंत्रणेच्या विकासाचे कार्य केले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात या दोघांनी अनेक आकाशकांवर आलेल्या तरंगांच्या दिशा ओळखण्याच्या रीतींवर काम केले व १९९२ मध्ये अनेक आकाशकांनी स्वतंत्र प्रवाह पाठविण्याच्या योजनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते १९९४ मध्ये मिळाले. बेल प्रयोगशाळेत एम्रे तेलातर व जेरार्ड फॉशिनी यांनी १९९५–९६ मध्ये असे दाखविले की, अनुकूल मार्गात धारिता प्रेषकाचे व ग्राहीचे आकाशक यांपैकी कमी असलेल्या संख्येच्या प्रमाणात वाढते. शक्ती दुप्पट करून मिळणाऱ्या अल्प लाभाशी याची तुलना केल्यास या निष्कर्षाचे मोल ध्यानात येते. सियावश अलामूती यांनी १९९८ मध्ये प्रेषकाच्या दोन आकाशकांतून तेच दोन अंक दोन क्षणी अशा क्रमाने पाठविण्याची सोपी योजना दिली की, एक वाट क्षीण झाली तरी अंक हरवत नाहीत.

टॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये मनोऱ्यावर उपकरणांच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक आकाशक बसविण्याचा विचार पुढे मांडला. पाचव्या पिढीच्या अनेक मनोऱ्यांवर ६४ प्रेषक-ग्राही शाखांच्या आकाशकरचना असतात. प्रत्येक शाखेतील संकेताची कला व परमप्रसर गणनाने ठरवून तरंग इच्छित उपकरणापाशी एकत्र येतील व इतरांपाशी खोडले जातील, अशी व्यवस्था करतात. भारतात पाचव्या पिढीची सेवा १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. या पिढीत सु. एक सेंमी. तरंगलांबीच्या कंप्रताही वापरण्याची तरतूद आहे. जगदीशचंद्र बोस यांनी याहूनही आखूड, ५ मिमी. लांबीपर्यंतच्या तरंगांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कलकत्ता येथे प्रयोग केले होते.

मर्यादा : एका मार्गापुरती शॅनन मर्यादा आता जवळजवळ गाठली गेल्याने केवळ अधिक चांगल्या कूटांकडून मोठ्या वाढीची अपेक्षा करता येत नाही. नवी क्षमता मुख्यत्वे आकाशकांची संख्या वाढवून, मनोऱ्यांची कार्यक्षेत्रे लहान करून व नवे कंप्रता-पट्टे वापरून मिळवावी लागते. मार्ग मोजण्यासाठी पाठविलेले परिचित अंक संदेशाची जागा अडवितात; शेजारच्या क्षेत्रांत तेच परिचित अंक वापरल्यास मापन दूषित होते. जलद धावणाऱ्या वाहनात मापन पूर्ण होईपर्यंत मार्ग बदललेला असतो. शिवाय गणन फुकट होत नाही; प्रसारणात वाचविलेली शक्ती काही अंशी संकलित मंडलांत खर्च होते आणि घटमालेवरील भार कमी करणे ही रचनाकारांपुढील कायमची अडचण आहे.

असे असले, तरी कंप्रता-पट्टे ही वाढविता न येणारी सार्वजनिक संपत्ती आहे, हे लक्षात घेता या शास्त्राचे सामाजिक महत्त्व स्पष्ट होते. १९४८ मध्ये दाखविलेली मर्यादा, १९६० च्या सुमारास लिहिली गेलेली व दीर्घकाळ बाजूस पडलेली कूटे आणि १९६५ मधील रूपांतराची रीती यांचा परस्परांशी संबंध त्या त्या वेळी कोणास ठाऊक नव्हता. पुढे गणनाची साधने स्वस्त झाल्यावर ही सर्व सूत्रे हातातील लहानशा उपकरणात एकत्र आली. मोजक्याच कंप्रतांवर कोट्यवधी लोकांना एकाच वेळी संदेशवहन करता येते, ते त्यांच्या संयोगामुळेच.